गळ्यातले इष्टलिंग आणि हातातला पाना



कायक हा शब्द आपल्या कानांना परका नाही. बसवजयंतीच्या मिरवणुकीत, श्रावणातल्या प्रवचनांत, मठातल्या शिवकीर्तनात तो सतत येतो आणि आपण मान डोलावतो. परंतु फार ऐकलेल्या शब्दाची धार हळूहळू बोथट होते. कायक आपल्याला खरोखर मान्य आहे की नाही, याची परीक्षा सभामंडपात होत नाही. घरातला मुलगा एखादे काम निवडतो, ते काम आपल्या मनातल्या प्रतिष्ठेच्या उतरंडीत खालच्या जागी बसते, आणि त्या वेळी आपल्या तोंडून काय शब्द निघतात यावरून ती परीक्षा होते.

सुरतेच्या डिंडोली भागातील एका शरण कुटुंबाने असाच प्रश्न आमच्याकडे पाठविला आहे. उधना आणि लिंबायत यांच्या शेजारचे हे जुने गाव आता महानगरपालिकेत सामावून गेले आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार या बाजूंनी पोटापाण्यासाठी आलेल्या मराठी मंडळींची येथे दाट वस्ती आहे; गल्लीगल्लीत अहिराणी कानी पडते. यंत्रमाग, कापड रंगविण्याचे कारखाने, साड्यांची दुकाने यांत या मंडळींच्या दोन-तीन पिढ्या गेल्या. लिंगायत घरेही त्यांत आहेत. प्रस्तुत कुटुंबातील आजोबांनी आयुष्यभर माग चालविला. वडील कापडबाजारात हिशेब लिहितात. नातू दहावी उत्तीर्ण झाला आणि म्हणाला, “माती उकरणारी, ओझी उचलणारी मोठी यंत्रे असतात ना, ती दुरुस्त करायला मला शिकायचे आहे.”

घरात चार शंका निघाल्या. आजोबा म्हणाले, दिवसभर काळ्या तेलात हात बुडविणारा मुलगा लिंगपूजा कशी करणार? वडिलांनी चौकशी केली तेव्हा त्यांना कळले की अशा कामात गळ्यात दोरा, साखळी, ताईत काहीही लोंबते ठेवू देत नाहीत. मग इष्टलिंगाचे काय? आईला जिवाची भीती वाटते. नातेवाईक म्हणतात, मेकॅनिकला मुलगी कोण देणार? आणि या चारांनंतर पत्राच्या शेवटी मुलाने स्वतःच्या अक्षरात पाचवा प्रश्न लिहिला आहे : “मोठ्या माणसाने मला न केलेले काम ‘केले’ असे लिहायला सांगितले, तर मी काय करावे?”

या पाचांत हा शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. तो विचारणाऱ्याने कायकाचा अर्धा अर्थ आधीच ओळखला आहे. तथापि आपण क्रमानेच जाऊ.

प्रथम हे काम काय आहे ते समजून घ्यावे. आपण सरसकट ‘जेसीबी’ म्हणतो, ते खरे तर जोसेफ सिरिल बॅम्फर्ड या इंग्रज गृहस्थाच्या नावाची आद्याक्षरे. त्याने १९४५ साली आपला कारखाना सुरू केला. ‘पोकलेन’ हेही एका फ्रेंच कंपनीचे नाव; आपल्याकडे ते यंत्राचेच नाव होऊन बसले. उत्खनन यंत्रे, रोलर, क्रेन, डंपर ही सारी या कुटुंबातली. सुरतेत २०२१ च्या जानेवारीत मेट्रो रेल्वेची पायाभरणी झाली. सरथाणा ते ड्रीम सिटी आणि भेसाण ते सारोली असे तिचे सुमारे चाळीस किलोमीटरचे दोन मार्ग. मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वेचा मार्गही सुरतेवरूनच जातो, आणि हजीऱ्याला मोठमोठे कारखाने व बंदर आहे. अशा ठिकाणी यंत्र चालविणारा सर्वांना दिसतो. ते यंत्र उद्या सकाळी चालू होईल आणि चालताना कोणाचा घात करणार नाही, याची काळजी वाहणारा मात्र कोणाला दिसत नाही. तो माणूस म्हणजे हा दुरुस्ती करणारा.

ही विद्या शिकण्याचे मार्ग सरळ आहेत. दहावीनंतर सरकारी आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. सुरतेत मजुरा गेटजवळ अशी संस्था आहे. ज्याला अधिक शिकायचे असेल त्याला दहावीनंतरच तीन वर्षांची यांत्रिकी पदविका आहे. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याप्रमाणे कारखान्यात किंवा यंत्रविक्रेत्याच्या कार्यशाळेत विद्यावेतनावर शिकता येते. खासगी वर्गात पैसे भरण्यापूर्वी पालकांनी एकच गोष्ट पाहावी : तेथे खरे यंत्र आहे का, आणि विद्यार्थ्याला ते स्वतःच्या हाताने उघडू देतात का? फळ्यावरच्या चित्रावर पंप शिकता येत नाही. परदेशी नोकरीचे आमिष दाखवून आगाऊ रक्कम मागणाऱ्यांपासून तर दूरच राहावे. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यान्वये नोंदणी झालेल्या दलालालाच परदेशी नोकरीसाठी माणसे पाठविता येतात, हे ध्यानात असू द्यावे.

आता आजोबांची शंका. हात तेलकट झाले म्हणून मनुष्य लिंगपूजेला अपात्र होतो काय? आपल्या धर्माने जननसूतक, मरणसूतक, रजसूतक, उच्छिष्टसूतक आणि जातिसूतक ही पाचही सूतके लिंगधारकाला नाहीत असे सांगितले. जगाने ज्यांना मोठे विटाळ मानले, तेच शरणांनी मोडून काढले. मग यंत्रातले तेल कोणत्या सूतकात बसवायचे? मेदार केतय्या बांबू कापून टोपल्या विणीत. मडिवाळ माचय्या मळलेले कपडे धूत. अंबिगर चौडय्या नाव वल्हवीत. हरळय्या चामड्याचे जोडे शिवीत. यांपैकी कोणाचे हात संध्याकाळी गुळगुळीत आणि सुगंधी असतील? आणि तरी अनुभवमंटपात त्यांची जागा कोणाच्या खाली नव्हती. हात साबणाने धुवावेत, नखांतले ग्रीस काढावे, विभूती लावावी आणि पूजेला बसावे. एवढे करूनही बोटांच्या रेषांत थोडी काळी रेघ राहिलीच, तर ती कायकाची रेघ आहे. तिने लिंग मळत नाही. न केलेल्या कामाचे पैसे घेतलेला हात मात्र कितीही स्वच्छ दिसला तरी लिंगाला लावताना थरथरला पाहिजे.

वडिलांची शंका अधिक व्यावहारिक आहे आणि तिचे उत्तर नीट दिले पाहिजे. कारण येथे धर्मनिष्ठा आणि सुरक्षेचा नियम एकमेकांसमोर उभे ठाकल्यासारखे वाटतात. कार्यशाळेतला शिक्षक गळ्यातला दोरा काढायला सांगतो, तो श्रद्धेचा द्वेष करतो म्हणून नव्हे. फिरता पंखा, पट्टा किंवा दांडा लोंबता दोरा पकडतो आणि क्षणार्धात माणसाला आत ओढतो. धातूची अंगठी किंवा साखळी बॅटरीच्या दोन टोकांना एकदम टेकली, तर ती तापून लाल होते आणि कातडी जाळते. इष्टलिंगाची चांदीची डबी शिवदोऱ्याने छातीवर लोंबत असेल, तर हे दोन्ही धोके तिला आहेत. शिक्षकाचे म्हणणे खरे आहे.

मग लिंग काढून पेटीत ठेवायचे काय? तशी गरज नाही. ‘सिद्धांतशिखामणी’त लिंगधारणेची स्थाने सांगितली आहेत. मस्तक, कंठ, काख, छाती, हात अशी अनेक स्थाने तेथे ग्राह्य आहेत. नाभीच्या खाली मात्र धारण निषिद्ध आहे. म्हणजे लिंग शरीरावर असावे हा नियम आहे. ते दोऱ्याने लोंबतेच असावे, चांदीच्या डबीतच असावे, असा नियम नाही. यास्तव आमचे सांगणे असे : कामाच्या वेळी चांदीची डबी घरी ठेवावी. लिंग सुती लिंगवस्त्रात गुंडाळून, छातीलगत रुंद सुती पट्टीने घट्ट बांधावे आणि वर बंद गळ्याचा कामाचा सदरा घालावा. गाठ मागे अथवा बगलेत यावी. बाहेर एक धागाही दिसता कामा नये. पट्टी अशी असावी की सदऱ्याच्या आत राहील आणि हालचालीत सुटणार नाही. हे शिक्षकाला आधीच उघडपणे सांगावे व दाखवावे. लपवून काही करू नये. रुद्राक्षमाळ कामावर घालू नये, ती पूजेच्या वेळी धारण करावी.

येथे काहींना वाटेल की स्वामींनी यंत्रासाठी आचाराला मुरड घातली. त्यांनी नुलिय चंदय्यांचे चरित्र आठवावे. चंदय्या गवताच्या दोऱ्या वळून विकीत आणि त्या मिळकतीतून जंगमदासोह करीत. शून्यसंपादनेत त्यांचा प्रसंग आला आहे. तळ्याकाठी गवत कापताना त्यांचे इष्टलिंग पाण्यात पडले. ते उचलण्यासाठी चंदय्या थांबले नाहीत. जंगमांच्या सेवेत खंड पडेल म्हणून गवताचा भारा घेऊन तसेच निघाले. तेव्हा लिंगच त्यांच्या मागे आले, आणि पुढे चंदय्यांनी त्यालाही दोऱ्या विकण्याच्या कामाला लावले, अशी कथा आहे. या कथेवरून लिंगाची हयगय करावी असा अर्थ कोणी काढू नये. चंदय्यांसारखी कायकनिष्ठा असलेल्यानेच चंदय्यांसारखे वागावे. सामान्य साधकाने लिंग जपलेच पाहिजे. पण कथेचा रोख स्पष्ट आहे : खऱ्या कायकात गुंतलेल्या भक्ताला लिंग सोडून जात नाही. बाराव्या शतकातल्या शरणांपुढे हातातले काम आणि अंगावरचे लिंग यांचा प्रश्न आला होता, आणि त्यांनी तो कामाचा अवमान करून सोडविला नाही. आपण तर लिंगही जपतो आहोत आणि कामही.

आईची भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. आईला खोटा धीर देणे हेही असत्यच. मोठ्या उत्खनन यंत्रातल्या तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साडेतीनशे किलोच्या आसपास जातो. मोटारीच्या चाकातल्या हवेचा दाब दोन-अडीच किलो असतो, यावरून कल्पना यावी. रबरी नळीला टाचणीच्या टोकाएवढे भोक पडले, तर त्यातून निघणारी तेलाची धार डोळ्यांना दिसतही नाही आणि बोटाच्या कातडीतून आत शिरते. बाहेर लहानसा ठिपका दिसतो, आरंभी फारसे दुखतही नाही. पण त्वरित शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट वा हात गमवावा लागतो. म्हणून गळती हाताने चाचपायची नाही, पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहायची, हा पहिला धडा असतो. यंत्र बंद केले तरी नळ्यांतला दाब उरतो. म्हणून आधी बकेट जमिनीला टेकवायची, मग दांडे हलवून उरलेला दाब सोडायचा. उचललेल्या हाताखाली जायचे असेल तर त्याला लोखंडी टेकू लावायचा. नुसत्या तेलाच्या भरवशावर डोके आत घालायचे नाही. साखळीपट्टा ताणणाऱ्या नळकांड्यात ग्रीस प्रचंड दाबाने भरलेले असते. त्याची चावी एक फेऱ्याहून अधिक सैल करायची नाही आणि तोंड समोर धरायचे नाही. आणि काम चालू असताना यंत्राची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. दुसऱ्या कोणी अजाणता यंत्र सुरू केले तर आत हात घातलेला माणूस वाचत नाही.

माऊलींनो, हे नियम ऐकून भीती वाढली असेल तर ती योग्य जागी वाढली आहे. या नियमांना आम्ही यमनियमच म्हणतो. आपण नित्य पूजेचा नेम एक दिवस चुकला तरी हळहळतो. या कामातला नेम एकदा चुकला तर हळहळायला माणूस उरत नाही. तेव्हा मुलाला ‘जाऊ नकोस’ म्हणण्याऐवजी रोज निघताना ‘किल्ली खिशात, टेकू जागेवर’ एवढे म्हणा. ज्या कार्यशाळेत घाईपायी टेकू लावू देत नाहीत, ती जागा मात्र पगार कितीही असला तरी त्याला सोडायला लावा. तेवढा अधिकार आईला आहे.

आता सोयरिकीची शंका. नातेवाईकांना आमचे विचारणे आहे की कल्याणात काय घडले ते तुम्ही विसरलात काय? हरळय्या जोडे शिवणारे, मधुवरस ब्राह्मण कुळातले. दोघेही शरण झाले आणि एकाच्या मुलाचा दुसऱ्याच्या मुलीशी विवाह झाला. त्या एका विवाहापायी राजा बिज्जळाने दोघा पित्यांना देहान्त शासन केले, कल्याणात रक्त सांडले आणि ११६७ च्या सुमारास शरणांना नगर सोडावे लागले. ज्या समाजाच्या पूर्वसूरींनी कामावरून माणसाची पायरी ठरवायची नाही म्हणून प्राण दिले, त्या समाजात आज स्थळ पाहताना ‘मुलगा काय करतो’ याचे उत्तर ‘यंत्रे दुरुस्त करतो’ असे आले की चहाचा कप अर्धाच राहतो. बसवजयंतीला आपण हरळय्यांची प्रतिमा पूजतो आणि घरी येऊन मधुवरसाचे धैर्य विसरतो. हा विसंवाद मुलाचा नाही, आपला आहे. मुलीच्या पित्याने अवश्य चौकशी करावी : मुलगा व्यसनी आहे का, कामात सचोटीचा आहे का, सोबतच्या हेल्परशी कसा बोलतो? हातांचा रंग विचारू नये.

काही विचारी वाचक आणखी एक शंका काढतील, आणि ती आम्हालाही टाळता येत नाही. हे यंत्र शेकडो हातांचे काम खाते. माती खणणे, दगड फोडणे ज्यांचे परंपरेचे जीवन, त्या वडार बांधवांच्या हातातले कुदळ-फावडे याच यंत्रांनी हिरावून घेतले. मग अशा यंत्राची सेवा कायक कशी? याचे उत्तर शोधताना सोलापूरचे सिद्धरामेश्वर आठवतात. सोन्नलगीत त्यांनी लोकांना पाणी मिळावे म्हणून तळे खोदविले, पंचक्रोशीत ६८ लिंगे स्थापिली. ते तळे आजही आहे. संक्रांतीच्या यात्रेला आपण तेथे जातो. अल्लमप्रभू सोन्नलगीत आले तेव्हा त्यांनी सिद्धरामांना माती खणणाऱ्याच्या नावाने हाक मारली. खणणारे मजूर संतापले आणि त्यांनी प्रभूंवर दगड फेकले. प्रभूंना तळे नको होते काय? तसे नाही. माती बाहेर काढताना आत काय साचते आहे, याकडे त्यांनी बोट दाखविले. ‘मी केले’ हा भाव साचत असेल तर कितीही मोठे तळे झाले तरी खोदणारा कोरडाच.

यंत्राच्या बाबतीत हाच विवेक लागतो. पुरात साचलेला गाळ उपसायला, खचलेल्या भिंतीखालचा मनुष्य काढायला, दुष्काळी गावात तळे खोल करायला यंत्र लागते. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीचा पूर सुरतेत शिरला तेव्हा नगराने गाळ म्हणजे काय ते पाहिले आहे. यंत्राने माणसाच्या पाठीवरचे ओझे उतरविले हे चांगलेच झाले. पाठीसोबत त्याची भाकरीही गेली, हे वाईट झाले. त्याची भरपाई करायची असेल तर ही विद्या ज्यांचे काम गेले त्यांच्या मुलांपर्यंत पोहोचली पाहिजे. म्हणून या कामात शिरलेल्या आपल्या मुलाने एक दासोह पाळावा : हाताखालच्या हेल्परपासून कसब लपवू नये. पुष्कळ कारागीर नेमका नाजूक पेच आवळताना हेल्परला चहा आणायला पाठवितात, हे या धंद्यातले जुने पाप आहे. अन्नदासोह एका वेळची भूक भागवितो. विद्येचा दासोह एका घराची भूक भागवितो.

एवढे झाल्यावर मुलाच्या प्रश्नाकडे वळू. त्याला आधी या विद्येचे मर्म सांगावेसे वाटते. चांगला दुरुस्ती करणारा यंत्राला लगेच हात लावीत नाही. आधी तो चालकाचे ऐकतो : आवाज केव्हा येतो, थंड असताना की तापल्यावर, ओझे उचलताना की वळताना? मग यंत्राचे ऐकतो. मग विचार करतो, नकाशा पाहतो. अलीकडे इंजिनांत इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आल्या. २०२१ च्या एप्रिलपासून चाकांच्या बांधकाम-यंत्रांना धुराचे कडक नियम लागू झाल्यावर तर लॅपटॉप जोडून दोष वाचावा लागतो. पण दोष-क्रमांक दिसला म्हणजे कारण कळले असे होत नाही. श्रवण, मनन आणि निदिध्यासन हा क्रम येथेही आहे. अंदाजाने एकेक भाग बदलीत जाणारा मनुष्य मालकाचे धन नासतो आणि अज्ञानाला विद्येचे सोंग देतो. ‘अजून मला कळले नाही, आणखी तपासतो’ असे सांगता येणे, ही या शिक्षणातली पहिली सिद्धी होय.

आता नोंदीचा प्रश्न. प्रत्येक यंत्रावर चाललेले तास मोजणारे मीटर असते. बहुधा २५०, ५००, १०००, २००० तास अशा टप्प्यांवर तेल, फिल्टर, सील पाहायचे असतात आणि काय केले ते सर्व्हिस शीटवर लिहून खाली सही करायची असते. समजा, फिल्टर बदलायचा आहे. यंत्राला कामावर जायची घाई आहे. मुकादम म्हणतो, “वरून तर स्वच्छ दिसतो. बदलला असे लिही, पुढच्या वेळी बघू.” येथे कोणी पाहत नाही. मालक मुंबईला, कंपनीचा अधिकारी कार्यालयात, चालक जेवायला गेलेला. फिल्टर झाकणाच्या आत. परंतु तेलात फिरणारे धुळीचे जे कण पंप खातात, ते माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कितीतरी बारीक असतात; ‘स्वच्छ दिसतो’ या शब्दाला तेथे काही अर्थ नाही. आज लिहिलेले खोटे सहा महिन्यांनी दुसऱ्याच गावात, दुसऱ्याच चालकाच्या हाती उघडे पडते. आणि तो फिल्टर न होता ब्रेक असेल किंवा क्रेनचा तारदोर असेल, तर ते खाली उभ्या असलेल्या मजुराच्या डोक्यावर उघडे पडते.

म्हणून, बाळा, उत्तर असे : जे केले तेच लिही. फिल्टर बदलायचा की नाही हे ठरविण्याचा अधिकार कदाचित तुझा नसेल. मालकाचे पैसे आहेत. पण ‘बदलला’ हा शब्द तुझा आहे. तू लिही : ‘बदलला नाही, भाग मिळाला नाही’, किंवा ‘बदलला नाही, यंत्र कामावर मागविले.’ भांडू नकोस, आवाज चढवू नकोस, पण तेवढे लिही. यात कोणाची निंदा नाही आणि खोटेही नाही. जेथे प्रश्न केवळ यंत्राच्या झिजेचा आहे तेथे एवढ्याने तुझे कर्तव्य पुरे होते. जेथे ब्रेक, सुकाणू, तारदोर, टेकू असा माणसाच्या प्राणाशी संबंध आहे, तेथे सत्य लिहून भागणार नाही. तेथे ‘हे यंत्र मी चालू करून देणार नाही’ असे म्हणावेच लागेल.

महात्मा बसवेश्वर बिज्जळाचे भांडारी होते. राज्याचे धन त्यांच्या हातून जात होते आणि त्यांनी दासोहासाठी ते वापरले असा आळ त्यांच्यावर आणला गेला, असे चरित्रकार सांगतात. हिशेब तपासला तेव्हा तो चोख निघाला. हिशेब चोख नसता तर त्यांचे सारे उपदेश वाऱ्यावर गेले असते. आयदक्की मारय्या अंगणात सांडलेले तांदूळ वेचून आणीत. एके दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा अधिक आणले, तेव्हा पत्नी लक्कम्माने ते परत टाकून यायला लावले. कोणी चोरी केली नव्हती, सांडलेलेच होते. तरी गरजेहून अधिक ते लोभाचे. भांडारातून घरी नेलेला एक डबा ग्रीस, दोन तास जास्त लिहिलेला ओव्हरटाइम, दुकानदाराने नकली भागासाठी पुढे केलेले पाकीट, हे सारे आजच्या काळातले सांडलेले तांदूळ आहेत. प्रत्येक घरात एक लक्कम्मा असावी. ‘एवढे पैसे आज कुठून?’ असे विचारणारी बायको किंवा आई घरात असेल, तर तो मुलगा बाहेर सहसा वाकत नाही.

आणि सत्य लिहिल्यामुळे नोकरी गेली तर? हा प्रश्न मुलाने विचारला नाही, पण त्याच्या प्रश्नाच्या पोटात तो आहे. त्याला ‘सत्याचा शेवटी जय होतो’ असे सांगून आम्ही मोकळे होणार नाही. पगार एक तारखेला लागतो; सत्याचा जय केव्हा होईल याची तारीख कोणी देत नाही. भाड्याची खोली, धाकट्या बहिणीची शाळा, आजोबांची औषधे त्याच पगारावर चालतात. एकट्या अठरा-वीस वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर धर्माचा सगळा भार टाकून समाजाने घरी बसावे, हे शरणांच्या रीतीत बसत नाही. पंचाचारांत सदाचार आहे, तसा गणाचारही आहे. सदाचार म्हणजे स्वतःच्या कष्टाची निर्मळ मिळकत, आणि ती मुलाने सांभाळायची. गणाचार म्हणजे धर्मावर घाला आला असता सर्वांनी मिळून उभे राहणे. तो आपण सांभाळायचा. खरी नोंद केली म्हणून एखाद्या शरणाचे काम सुटले, तर तो धर्मावरचा घालाच समजावा. अशा मुलाच्या घरी दोन-तीन महिन्यांचे धान्य पोहोचविणे, दुसरीकडे शब्द टाकणे, हे त्या गावच्या लिंगायत मंडळाचे काम आहे आणि मठाचेही. महाप्रसादाला आपण पंगती उठवितो. त्यांतली एक पंगत अशा एका घरासाठी बाजूला ठेवली, तर दासोह शब्दाला पुन्हा धार येईल.

डिंडोलीच्या त्या कुटुंबाने मुलाला अवश्य शिकू द्यावे. प्रवेशाच्या दिवशी त्याच्या कपाळी विभूती लावावी. मंत्रदीक्षेच्या वेळी गुरू कानात मंत्र सांगतो. या विद्येच्या आरंभी घरातल्या वडीलधाऱ्यांनी त्याच्या कानात एवढेच सांगावे की न केलेल्या कामावर सही करायची नाही. आणि तुम्हा सर्व वाचकांना आमचे सांगणे असे की रस्त्याच्या कडेला उघडलेल्या यंत्रात कमरेपर्यंत वाकलेला, घामाने व तेलाने माखलेला एखादा तरुण दिसला, तर नाक मुरडून पुढे जाऊ नका. त्याच्या सदऱ्याच्या आत छातीशी लिंग बांधलेले असेल किंवा नसेल. पण तो जर खरे काम करीत असेल, तर त्या क्षणी पूजाच चालली आहे असे समजा.

सर्वांना शरणु शरणार्थ.